शुक्रवारची उलट बाजू

औद्योगिक दायित्व न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठासमोर प्राध्यापक संघमित्रा मेश्राम यांची साक्ष चालू होती, आणि स्वतः संघमित्रा मेश्राम शेवटच्या बाकावर बसून ती ऐकत होत्या.

साक्ष वरुणाक्ष केमिकल्सच्या बाजूने होती. आवाज मात्र संघमित्राबाईंचाच होता. वाक्याच्या मध्येच घेतलेला श्वास त्यांचा होता आणि मुद्दा सुरू करताना ‘आता असं बघा’ म्हणायची सवयही त्यांचीच.

“आता असं बघा,” न्यायासनाशेजारच्या ध्वनिक्षेपकातून तो आवाज म्हणाला. “मुलगा सज्ञान आहे. त्याचं घर वेगळं, संसार वेगळा. त्याने कुणाच्या घराला आग लावली, तर पोलीस त्याच्या आईला धरून नेतात का? नेत नाहीत. तेलझरी सॉल्व्हेंट्स ही कायद्याने सज्ञान व्यक्ती आहे. वरुणाक्ष केमिकल्स तिची आई असेल. आई असणं हा गुन्हा नाही.”

संघमित्राबाईंच्या शेजारी तेलझरी गावच्या कौसल्या नेवारे बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तेलझरीच्या कारखान्यातून भर दुपारी वायू सुटला, त्यात त्यांचा नवरा गेला. मुलगा वाचला, पण आता त्याला दोन पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. अशी घरं गावात पुष्कळ होती. वायुगळतीनंतर तेलझरी सॉल्व्हेंट्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावलं. त्या कंपनीचे सगळे शेअर मुंबईच्या वरुणाक्ष केमिकल्सकडे होते. वरुणाक्षचं म्हणणं असं की तेलझरी वेगळी, आम्ही वेगळे. आम्हाला या खटल्यातून वगळा. आज प्रश्न तेवढाच होता. वरुणाक्ष वगळली गेली, तर गावकऱ्यांनी एका कुलपाशी भांडायचं होतं.

“मॅडमबाई,” कौसल्याबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, “हे तुमीच बोलून राहिल्या न?”

“मी नाही. ते यंत्र आहे.”

“पण आवाज तं तुमचाच हाय. मंग त्या यंत्राले सांगितलं कोनं असं बोलाले?”

संघमित्राबाईंना एवढंच कळत होतं की आपल्या नावाने या बाईच्या तोंडावर दार लावलं जातंय, आणि ते लावणारा हात ओळखीचा आहे. वरुणाक्षच्या बाजूने काळा कोट घालून उभा होता तो निनाद खानझोडे. त्यांचाच विद्यार्थी. आवडता म्हणायलाही हरकत नव्हती.

*

तज्ज्ञांची प्रतिरूपं निघून तोवर चार-पाच वर्षं झाली होती. एखादा माणूस आयुष्यभर जे बोलत-लिहीत आला, ते यंत्राला ऐकवायचं. यंत्र त्याची पोपटपंची करत नाही. ते या माणसाच्या डोक्यात कुठल्या कारणामागून कुठलं कारण येतं, ती वाट शिकतं. मग नवा प्रश्न टाकला तरी त्याच वाटेने चालून त्याच आवाजात उत्तर देतं. आणि कुठल्या मतावर माणूस ठाम होता, कुठल्यावर डळमळीत, याची खूणही ठेवतं. ‘बहुधा’, ‘कदाचित’ ऐकलं की त्या मताचं वजन कमी. ‘बरोबर’, ‘नक्की’ ऐकलं की वाढलं. आधी मोठे शल्यचिकित्सक आले, मग अभियंते. पुढे पुरावा कायद्यात दुरुस्ती झाली आणि निवृत्त किंवा दिवंगत तज्ज्ञाचं प्रतिरूप साक्षीला उभं राहू लागलं. ते दमत नव्हतं, आजारी पडत नव्हतं, तारीख मागत नव्हतं. न्यायालयांना ते आवडलं.

संघमित्राबाईंचं प्रतिरूप विद्यापीठाने केलं ते त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी. गडचिरोली-मेळघाटातल्या कॉलेजांत कंपनी कायदा शिकवायला माणूस मिळत नाही, तिथल्या मुलांसाठी, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी आनंदाने सही केली. त्यांचे वडील कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा कामगार थकबाकी मागायला गेले, तर फाटकावर तीन कंपन्यांच्या पाट्या होत्या आणि प्रत्येक पाटी दुसरीकडे बोट दाखवत होती. बारावीतल्या संघमित्राने त्या तिन्ही पाट्या वहीत उतरवून आणल्या. पुढे ती वकिलीकडे वळली तेव्हा वस्तीतल्या थोरामोठ्यांनी घटनेचा अभ्यास कर म्हणून सांगितलं. ती म्हणाली, घटना वाचणारे आपल्याकडे घरोघर आहेत, कंपनी कायदा वाचणारं कोणी नाही. पस्तीस वर्षं तिने तोच एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला. पाटीमागे कोण उभं आहे, आणि कंपनीच्या नावाचा तो पडदा कायद्याने कधी ओढून काढायचा?

आणि आता तिचंच यंत्र सांगत होतं, पडद्याला हात लावू नका.

गावकऱ्यांचे वकील प्रफुल्ल उईके उठले. तेही बाईंचेच विद्यार्थी. परवा त्यांनीच फोन करून ‘मॅडम, तुम्ही आमच्याविरुद्ध साक्ष देणार आहात, हे तुम्हाला माहीत आहे का?’ असं विचारलं होतं.

“महोदया,” प्रफुल्ल अध्यक्षांना म्हणाले, “ज्यांचं हे प्रतिरूप आहे त्या प्राध्यापक मेश्राम इथे हजर आहेत. हे त्यांचं मत नाही.”

अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायमूर्ती सरोज बारलिंगे. त्यांनी चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं.

“नियम स्पष्ट आहे. हयात तज्ज्ञाचं म्हणणं प्रतिरूपापेक्षा वेगळं असेल, तर त्यांनी पिंजऱ्यात येऊन फरकाचं कारण द्यायचं. खानझोडे, तुमचं काही?”

“आक्षेप नाही, महोदया,” निनाद म्हणाला. मागे वळून पाहिलं नाही. “मॅडम आज काय म्हणतात आणि वर्गात दहा वर्षं काय म्हणत आल्या, यातलं कशाला वजन द्यायचं ते न्यायाधिकरणाने ठरवावं. आम्ही एवढंच म्हणतो.”

*

दुसऱ्या दिवशी बाई कुलगुरूंकडे गेल्या. डॉ. शरद टेकाडे त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हसतमुख गृहस्थ. त्यांनी उठून स्वागत केलं.

“या, मॅडम. लोक मेल्यावर अमर होतात, तुम्ही हयातीतच झालात.”

“ते यंत्र बंद करा.”

“बसा तरी.”

“बसले. आता बंद करा. मुलांना शिकवायला म्हणून सही घेतलीत. ते वकिली करत हिंडतंय.”

टेकाडेंनी हात जोडले. “मॅडम, विद्यापीठ यात कुठेच नाही. प्रतिरूपांचे हक्क प्रज्ञासंच प्रायव्हेट लिमिटेडकडे आहेत. ती स्वतंत्र कंपनी आहे. ती कोणाला सेवा देते, यात आम्हाला ढवळाढवळ करता येत नाही.”

“शेअर कोणाकडे आहेत?”

“विद्यापीठाकडे.”

“सगळे?”

“सगळे.”

“संचालक?”

“मी आहे, कुलसचिव आहेत, वित्त अधिकारी आहेत. पण मॅडम, संचालक म्हणून त्या खुर्चीत बसलो की आम्ही वेगळे. हे मी तुम्हाला सांगायचं का?”

“ती खुर्ची कुठे आहे?”

“कोणती?”

“संचालकाची. जिच्यावर बसल्यावर तुम्ही वेगळे होता.”

टेकाडेंनी खुर्चीच्या हातांकडे पाहिलं. “म्हणजे... बैठका इथेच होतात.”

“म्हणजे तुम्ही आत्ता बसलात तीच.”

टेकाडे हसले. बाई हसल्या नाहीत. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. पस्तीस वर्षं ज्या पाट्यांवर त्यांनी तास घेतले, तसलीच पाटी आज त्यांच्याच विद्यापीठाने लावली होती आणि तिच्यामागे त्यांचाच आवाज भाड्याने दिला होता.

“किती जणांना दिलंत माझं मत?”

“ते कंपनीचं व्यावसायिक गुपित आहे.”

“मत माझं, गुपित तुमचं.”

“कंपनीचं,” टेकाडेंनी शांतपणे दुरुस्ती केली.

*

रविवारी दुपारी निनाद बेझनबागेतल्या फ्लॅटवर आला. विद्यार्थी असताना यायचा तसाच, फोन न करता. बाईंनी दार उघडलं.

“चहा घेशील?”

“तुम्ही देत असाल तर.”

“देते. घरी आलेल्याला मी चहा देते. त्यावरून काही समजू नकोस.”

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. कोट महागाचा होता, नजर मात्र कपाटातल्या पुस्तकांवर फिरत राहिली. कप हातात आल्यावर तो म्हणाला, “मॅडम, साक्षीला उभ्या राहू नका.”

“का?”

“मला तुमची उलटतपासणी घ्यावी लागेल.”

“घे. मीच शिकवली आहे.”

“मी विचारणार, हल्ली विसरायला होतं का. कुठली औषधं चालू आहेत, विचारणार. शेवटच्या वर्षी एका निकालाचं साल तुम्ही वर्गात चुकलात, ती ध्वनिफीत लावणार. मला हे करायचं नाही.”

“करायचं नाही तर करू नकोस.”

“अशील आहे, मॅडम.”

“अशील माझं आजारपण विचार म्हणून सांगतो का? की ते तुझं स्वतःचं डोकं?”

बाईही बसल्या. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे. शब्द कमी होत आणि मधली अंतरं वाढत. जुन्या विद्यार्थ्यांना त्या अंतरांची भीती वाटे.

“माझं पुस्तक वाचलंयस ना? सातवं प्रकरण. उपकंपनी नुसती नावाला असेल आणि निर्णय मुख्य कंपनी घेत असेल, तर जबाबदारी मुख्य कंपनीची. तेलझरीत वायू धुऊन काढणारं यंत्र वीज वाचवायला बंद ठेवा, हा हुकूम मुंबईहून आला. तुझ्याच कागदात आहे.”

“पुस्तक जुनं आहे, मॅडम. शिवाय प्रकाशकाने हक्क दिले नाहीत, म्हणून ते यंत्राला कधी ऐकवलंच नाही. यंत्र फक्त तुमच्या तासांवर तयार झालंय. पुस्तकानंतरच्या दहा वर्षांच्या. माझं म्हणणं सोपं आहे. तुमचं मत पुढे बदललं. आणि आता तुम्हाला ते आठवत नाही.”

“तासाला मी असलं काही म्हटलेलं नाही.”

“म्हटलंय. शब्दन्‌शब्द. आणि यंत्राची सगळ्यात जास्त खात्री याच मतावर आहे. बाकी ठिकाणी तुम्ही ‘बहुधा’, ‘असं मानायला जागा आहे’ म्हणता. इथे युक्तिवाद संपवून दर वर्षी स्वतःच ‘बरोबर’ म्हणता. खणखणीत. यंत्राच्या अहवालात नोंद आहे.”

बाईंनी कप बशीत ठेवला.

“मी कोणाला बरोबर म्हणते?”

निनादची नजर पुन्हा पुस्तकांवर गेली.

“निनाद, मी जन्मात माझ्या स्वतःच्या युक्तिवादाला बरोबर म्हटलेलं नाही. मी कोणाला बरोबर म्हणते?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. आणि बाईंना सगळं एकदम दिसलं.

त्यांचा शुक्रवारचा तास विद्यापीठात प्रसिद्ध होता. त्या दिवशी त्या उलट बाजू घेत. ज्या मताविरुद्ध आठवडाभर शिकवलं, तेच मत जीव ओतून मांडत. मुद्दाम कच्चं मांडायचं नाही, हा त्यांचा नियम. कंपनीचा सगळ्यात हुशार वकील मांडेल तसं मांडायचं. मग खडू ठेवून विचारायचं, ‘कोण उठतंय?’ कोणीतरी उठे. पाडे. त्याने नीट पाडलं, की बाई म्हणत, ‘बरोबर. बस.’

प्रसिद्ध म्हणून दहा वर्षं ध्वनिमुद्रण झालं ते फक्त याच तासांचं. पण मुलांकडून प्रवेशाच्या वेळी आवाज वापरायची संमती घ्यायची राहून गेली होती. माहिती-संरक्षण कायद्याला भिऊन प्रज्ञासंचने सगळ्या फितींतून मुलांचे आवाज आणि नावं पुसून टाकली. बाईंचा आवाज नैसर्गिक वाटावा म्हणून मधली शांतता तेवढी ठेवली. यंत्राच्या कानी काय पडलं? बाईंचा युक्तिवाद. थोडी शांतता. मग बाईंचंच ‘बरोबर’.

पस्तीस वर्षांतला सगळ्यात प्रामाणिक तास. त्यातलं खोटं तेवढं यंत्राने उचललं.

“तुला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“अंदाज होता.”

“अंदाज नाही. आई-मुलाचा तो युक्तिवाद तुझ्या वर्षी मी पहिल्यांदा मांडला. बाकी वर्ग माना डोलवत होता. उठलास तू.”

“दहा वर्षं झाली, मॅडम.”

“काय म्हणालास ते सांग.”

“मॅडम...”

“सांग.”

निनादने घसा खाकरला नाही, आठवायला वेळ घेतला नाही. “म्हणालो, मुलगा असता तर ठीक होतं. इथे मुलगा नाहीच. पडद्यामागे आईच बसलीय आणि मुलाचा आवाज काढून बोलतेय.”

“आणि मी?”

“बरोबर म्हणालात.”

“तुला.”

“मला.” त्याने कप खाली ठेवला. चहा तसाच होता. “पण वकिलाने स्वतःच्या अशिलाविरुद्ध पुरावा शोधून द्यायचा नसतो. हेही तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. न्यायालयापुढे माहीत असलेलं खोटं ठेवायचं नसतं, हे त्याच तासाला शिकवलं. अर्धाच तास ऐकायची खोड तुला यंत्रामुळे लागली की आधीपासून होती?”

तो उठला. दारापाशी वाकून नमस्कार करायला गेला. बाई दोन पावलं मागे सरल्या.

“सोमवारी ये,” त्या म्हणाल्या. “आणि औषधांचं जरूर विचार.”

*

त्याने विचारलं.

“प्राध्यापक मेश्राम, हल्ली विसरायला होतं का?”

“होतं. चष्मा कुठे ठेवला ते विसरते. कोणाला काय शिकवलं ते विसरत नाही.”

मागच्या बाकांवर तेलझरीची माणसं होती. कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी पाहिल्यावर थांबलं. निनादने निकालाच्या चुकीच्या सालाची फीत लावली. बाईंनी चूक मान्य केली. मग त्याने यंत्राचा अहवाल वाचून दाखवला. या मतावर शहाण्णव टक्के खात्री. दहा वर्षांच्या तासांत एकदाही विसंगती नाही. तो चांगलं काम करत होता. बाईंना ते दिसत होतं, आणि म्हणूनच संताप आवरत नव्हता. इतकी धार लावून दिलेली सुरी हा माणूस कुठे चालवत होता!

“शेवटचा प्रश्न. आपलं आजचं मत आपल्या दहा वर्षांच्या मताशी जुळत नाही. कारण?”

“ते माझं मत नव्हतं. पाडून दाखवा म्हणून मांडलेली उलट बाजू होती.”

“याला पुरावा?”

“यंत्र.”

निनादचा हात कागदावर थांबला. प्रफुल्ल उईके उठून उभे राहिले.

“महोदया, प्रतिरूपावर एक गाळणी बसवलेली असते. वर्गातली किरकोळ बोलणी, मुलांना दिलेल्या सूचना, हे सगळं ती काढून टाकते आणि फक्त मत बाहेर सोडते. ती गाळणी काढून तोच प्रश्न पुन्हा विचारू द्या. दुसरं काही मागत नाही.”

“माझा आक्षेप आहे,” निनाद म्हणाला. “गाळणीशिवायचं प्रतिरूप अधिकृत नाही.”

“आत्तापर्यंत तेच तुमच्या मते प्राध्यापक मेश्राम होतं,” अध्यक्ष म्हणाल्या. “काढा गाळणी.”

प्रज्ञासंचची तंत्रज्ञ मुलगी पुढे आली. तिने पडद्यावर काही केलं, मान हलवली. बाईंनी पिंजऱ्यातूनच प्रश्न विचारला, वर्गात विचारतात त्या स्वरात.

“उपकंपनीच्या अपराधाला मुख्य कंपनी जबाबदार असते का?”

“आता असं बघा,” ध्वनिक्षेपकातला आवाज म्हणाला, आणि आई-मुलाचा तो सगळा युक्तिवाद पुन्हा ऐकू आला. आज तो जास्त जोरकस होता. मधे ‘मागच्या बाकावर बोलू नका’ होतं. ‘खिडकी लाव रे कोणी’ होतं. अध्यक्षांच्या ओठांचा कोपरा हलला. युक्तिवाद शेवटाला आला. “...आई असणं हा गुन्हा नाही. झालं. कोण उठतंय?”

आणि आवाज थांबला.

प्रफुल्लने बोट ओठांवर ठेवलं. तंत्रज्ञ मुलीने यंत्र बंद पडलं की काय म्हणून पडद्याकडे पाहिलं. यंत्र चालू होतं.

“हं,” यंत्र म्हणालं.

पुन्हा शांतता.

“हं. हं, पुढे बोल.”

कौसल्याबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं, कोणी आत आलंय का म्हणून. कोणी आलं नव्हतं. यंत्र ऐकत होतं. नसलेल्या माणसाचं बोलणं ते मन लावून ऐकत होतं. त्याच्या श्वासातसुद्धा ऐकणाऱ्या माणसाचा धीर होता.

“बरोबर,” यंत्र म्हणालं. खणखणीत, समाधानाने. “अगदी बरोबर. बस. चला, पुढचा मुद्दा.”

अध्यक्षांनी हात वर केला. मुलीने यंत्र थांबवलं.

“हे कोणाला बरोबर म्हणालं?” न्यायमूर्ती बारलिंगेंनी तिला विचारलं.

“महोदया... तिथे कोणाचाही आवाज नाही. यंत्राच्या हिशेबाने त्याआधीचं बोलणं तेवढंच. म्हणजे स्वतःलाच.”

“आणि खरं?”

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “आवाज पुसलाय. माणूस पुसलेला नाही. तो याच दालनात आहे.”

“नाव सांगा.”

“मी सांगितलं तर ती एका म्हाताऱ्या बाईची आठवण होईल. तिच्या स्मरणशक्तीवर आत्ताच शंका घेतली गेली आहे. ते त्यांनाच विचारा.”

सगळ्यांचं लक्ष कुठे गेलं ते निनादला न बघताही कळलं. तो उभाच होता. कागद नीट लावले, पुन्हा लावले.

“खानझोडे,” अध्यक्ष म्हणाल्या, “तुम्ही वकील म्हणून उभे आहात, म्हणून शपथ देत नाही. पण वकिलाचं पहिलं देणं न्यायासनाला असतं. त्या तासाला कोण उठलं होतं, तुम्हाला माहीत आहे?”

वरुणाक्षचा मुंबईहून आलेला अधिकारी पुढे वाकून काहीतरी कुजबुजला. निनादने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“माहीत आहे, महोदया.”

“कोण?”

“मी.”

“म्हणजे हे मत आमच्यापुढे ठेवताना तुम्हाला ठाऊक होतं की साक्षीदाराने ते पाडण्यासाठी मांडलं होतं.”

“माझ्या अशिलाने ते विकत घेतलं. मी दाखल केलं.”

“मी ते विचारलं नाही.”

“हो,” निनाद म्हणाला. “ठाऊक होतं.”

न्यायमूर्ती बारलिंगेंनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. प्राध्यापक मेश्राम यांच्या प्रतिरूपाचं मत या खटल्याच्या कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे. वरुणाक्ष केमिकल्सला खटल्यातून वगळण्याचा अर्ज नामंजूर. विद्वान वकिलांच्या वर्तनाची नोंद वकील परिषदेकडे पाठवावी. पुढची तारीख.

*

बाहेर व्हरांड्यात तेलझरीची माणसं प्रफुल्लभोवती जमली होती. कौसल्याबाई बाईंपाशी आल्या.

“म्हंजे आता त्या मुंबईवाल्याइले यावं लागन?”

“यावं लागेल. वरच्या न्यायालयात जातील आधी. पण यावं लागेल.”

“मंग ठीक.” त्या जराही हसल्या नाहीत. “आमचे मानसं मेले तवा त्यायले तुमचं मत नाही लागलं. आता लागून राहिलं होय.”

बाईंनी मान हलवली. त्यांनाही हलकं वाटत नव्हतं. प्रज्ञासंचचं यंत्र आत्ता या घडीला आणखी कुठल्या न्यायालयात ‘आता असं बघा’ म्हणत असेल, कोणत्या गावाच्या तोंडावर दार लावत असेल, याचा पत्ता नव्हता. आजचा आदेश फक्त या खटल्यापुरता होता. त्यांनी प्रफुल्लला हाक मारली.

“उद्या सकाळी ये घरी. विद्यापीठावर दावा लावायचाय.”

“विद्यापीठावर? मॅडम, हक्क तर त्या कंपनीकडे आहेत. प्रतिवादी कंपनी होईल ना?”

“कुलगुरूंच्या खुर्चीत बसणारी कंपनी. आधी विद्यापीठ, मग कंपनी. पडद्यापासूनच सुरुवात करू.”

निनाद जिन्याकडे निघाला होता. एकटाच. त्यांना पाहून थांबला, जवळ आला. चेहरा उतरलेला होता. पण बोलायची जुनी ऐट पूर्ण गेली नव्हती.

“मॅडम, मी खोटं बोलू शकलो असतो.”

“हो.”

“नाही बोललो.”

“विचारल्यावर नाही बोललास. न विचारता इतके दिवस बोलत होतास.”

त्याने मान खाली घातली. व्हरांड्यातून कोणाचा तरी शिपाई फायली घेऊन गेला. दोघांनी त्याला वाट दिली.

“एक काम आहे,” बाई म्हणाल्या. “विद्यापीठावर दावा येतोय. त्यांचे वकील चांगला माणूस शोधतील. तुझ्याकडे येतील. वकीलपत्र घेऊ नकोस.”

“मी तुमच्याविरुद्ध पुन्हा उभा राहणार नाही.”

“तो मोठेपणा नको. ज्या खटल्यात साक्ष द्यायचीय, त्यात वकिलाला उभं राहता येत नाही. त्या तासाला काय झालं ते तुला शपथेवर सांगायचंय, सुरुवातीपासून. मुलं काय बोलली ते पण.” त्यांनी पर्स खांद्यावर सरकवली. “समन्स येईल. ऑफिसचा पत्ता धंतोलीतलाच ना?”

“तोच आहे, मॅडम,” निनाद म्हणाला.